इचलकरंजीचं घर विकू नका, कोल्हापुरात भाड्यानं राहा

पत्र

माझं वय 39. इचलकरंजीत आमचे साधे माग होते. मंदी आली, मजुरी परवडेना, वीजबिलं थकली आणि माग एकेक करत भंगाराच्या भावानं गेले. त्यातच मिस्टरांना किडनीचा आजार निघाला. दोन वर्षं डायलिसिस चाललं. गेल्या दिवाळीआधी ते गेले. घरात आता मी, आठवीतला मुलगा आणि माझ्या आत्ती, म्हणजे सासूबाई. मी बी.कॉम. आहे. मागांचा हिशेब लग्नापासून मीच बघायचे. आता गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला काम मिळालंय. पगार 17 हजार, 1 मार्चला हजर व्हायचं आहे. भाऊ म्हणतो, घर आणि शेड विकून पतसंस्थेचं कर्ज भाग, उरलेल्या पैशात थोडं बँकेचं कर्ज घालून कोल्हापुरात फ्लॅट घे, नव्यानं सुरुवात कर. आत्ती म्हणतात, ज्या भिंतीवर माझ्या लेकाचा फोटो आहे ती भिंत सोडून मी येणार नाही. मुलगा काहीच बोलत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन आहे. शिवाय दोघांचे हातउसने द्यायचेत. गाव सोडलं की लोक म्हणणार, पैसे बुडवून पळाली. नवीन ठिकाणी बायका आधी गळ्याकडं बघतात आणि मग विचारतात, तेव्हा काय सांगायचं? आणि दुसऱ्याकडं नोकरी मी कधीच केलेली नाही. मला जमेल का?

एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

ताई,

नोकरी घ्या. कोल्हापुरात राहायलाही या, पण नोकरी आणि बिऱ्हाड एकाच महिन्यात हलवू नका. आणि घर विकू नका, निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं मला कळतं. बहिणीची दोन वर्षं दवाखान्यात गेलेली त्यानं पाहिलीत. हे सगळं एका सहीनं मागं टाकता आलं तर बरं, असं त्याला वाटत असणार. पण घर विकणं, कर्ज काढणं, नवीन नोकरी आणि नवीन गाव हे सगळं एकदम अंगावर घेतलं, तर त्यातलं एक जरी बिघडलं तरी परत फिरायला जागा राहत नाही. कारखान्याच्या ऑर्डरी कमी होऊ शकतात, आत्तींची तब्येत बिघडू शकते, तुम्हाला स्वतःलाच ते काम नको वाटू शकतं. फ्लॅटचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जाणारच. 17 हजारांत तो हप्ता भरून तिघांनी जगायचं म्हणजे ज्या ओढाताणीतून आत्ता कुठं बाहेर पडताय, तिच्यातच परत जायचं.

शिवाय विकायचं म्हटलं तरी ते तुमच्या एकटीच्या सहीनं होत नाही. घर मिस्टरांनी स्वतः घेतलेलं आणि त्यांच्याच नावावर असेल, मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे पत्नी, मुलगा आणि आई या तिघांचा त्यात सारखा हिस्सा. मुलगा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला आहे. त्याचा हिस्सा विकायला आईलासुद्धा आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. 'परवानगीचं नंतर बघू, आधी साठेखत करू' असं म्हणून कुणी ॲडव्हान्स हातात ठेवायला आलं तर तो घेऊ नका. आत्ता एवढंच करा: सिटी सर्व्हेला तिघांची वारस नोंद घाला आणि महापालिकेत घरफाळ्याला नावं लावून घ्या. घर वडिलोपार्जित असेल किंवा दिरांचा त्यात वाटा असेल, तर हिशेब वेगळा होतो. मग आधी प्रॉपर्टी कार्ड काढून वकिलाला दाखवा.

शेड मात्र रिकामी ठेवू नका. मागाच्या शेडला थ्री फेज कनेक्शन असतं, टेम्पो दारात लागतो. शिलाईचं युनिट, गोडाऊन, दुसऱ्या कुणाचे माग, कशालाही ती भाड्यानं जाऊ शकते. वीजबिलाची थकबाकी आधी मिटवा, नाहीतर भाडेकरू टिकणार नाही. त्या भाड्यातून कोल्हापुरातल्या खोलीचं अर्धं भाडं निघालं तरी तुमचा पगार मोकळा राहील.

मार्च आणि एप्रिल एसटीनं जा-ये करा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, म्हणजे भाडं झेपेल. त्रास होईल, हे खरंच आहे. इचलकरंजीहून कोल्हापूर, तिथून कागलच्या बाजूची दुसरी गाडी आणि संध्याकाळी परत तेच. पहिल्या दिवशीच ऑफिसात विचारा की हुपरी किंवा इचलकरंजीकडून कोण येतं. कारखान्याची गाडी त्या बाजूला नसली तरी सोबत मिळू शकते. या दोन महिन्यांत पगार वेळेवर होतो का, सुटायची वेळ खरंच तीच आहे का, माणसं कशी आहेत, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मुलाची वार्षिक परीक्षा त्याच्या जुन्या शाळेत, जुन्या दोस्तांबरोबर होईल. आणि आत्तींनाही तुम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता, याची सवय होईल.

पण हे जूनपर्यंत ओढू नका. इचलकरंजी पंचगंगेच्या एका तीरावर, तुमचा कारखाना दुसऱ्या तीराकडं. कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी नदी ओलांडावी लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. नोकरी लागून चार महिने होत नाहीत तोवर पुराच्या खाड्यांची वेळ यायला नको. म्हणून बिऱ्हाड मे महिन्यात हलवा, वळीव सुरू झाला असला तरी मेमध्येच.

आता खोली कुठं बघायची. कोल्हापुरात येणारी माणसं आधी पेठांमध्ये किंवा राजारामपुरीत जागा शोधतात, कारण नावं माहितीची असतात. तुमचं काम गोकुळ शिरगावला आहे, तेव्हा त्या बाजूनं सुरुवात करा. उजळाईवाडी, सरनोबतवाडी, कणेरीवाडी, मोरेवाडी, आर. के. नगर, राजेंद्रनगर हा सगळा पट्टा बघा. भाडं पाचशे-हजारानं जास्त असलं तरी कामाजवळची जागा घ्या. संध्याकाळी घरी पोचायला अर्धा तास लागतो की दीड तास, यावर पहिल्या वर्षात तुमची तब्येत, मुलाचा अभ्यास आणि आत्तींचा मूड हे सगळं ठरणार आहे. खोली लहान असली तरी चालेल.

शहरात नदीकडच्या भागात जागा बघायची वेळ आली तर शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प, जाधववाडी आणि नागाळा पार्कचा खालचा भाग, इथं घरमालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारा की 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं. बहुतेक जण भिंतीवर हात ठेवून दाखवतील. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी 50 फुटांच्याही बरंच वर गेलं होतं. उंचावरच्या उपनगरांत पुराची भीती नाही, तिथं प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, बोअर आहे का आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे विचारा. एप्रिल-मेमध्ये जागा बघताय हे त्यासाठी चांगलंच आहे. त्या दिवसांत पाण्याची खरी परिस्थिती लपत नाही.

खोली आवडली की करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' असं सर्रास सांगतात, ते चुकीचं आहे. डिपॉझिट किती, परत कधी, लाईटचं मीटर वेगळं आहे का, हे करारातच येऊ द्या. डिपॉझिट रोख दिलं तर पावती घ्या. बाकीची कामं सोपी आहेत. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून कागद आणि अनामत घ्या आणि तो कागद कोल्हापूरच्या एजन्सीत दाखवा. रेशन राज्यातल्या कुठल्याही दुकानात अंगठ्यावर मिळतं, त्यामुळं कार्ड बदलायची घाई नको.

खोली बघायला गेल्यावर 'घरात पुरुष माणूस कोण?' हा प्रश्न येणार. त्याची तयारी ठेवा, पण त्यानं खचू नका. 'मी नोकरी करते, मुलगा शाळेत आहे, सासूबाई बरोबर आहेत, भाडं दर महिन्याला दहा तारखेच्या आत मिळेल.' एवढं सांगा. त्यावरही कुणी खोदून विचारत राहिलं, तर ती जागा कितीही चांगली असली तरी तिथं राहू नका. जो घरमालक आज तुमच्या येण्याजाण्याची चौकशी करतो, तो उद्या पाहुण्यांची करेल.

आत्तींबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे.

त्यांचं नकार देणं हट्ट समजू नका. या बदलात तुम्हाला नोकरी मिळतेय, मुलाला नवी शाळा मिळतेय. त्यांना काय मिळतंय? त्यांचा मुलगा गेला. आता गल्लीतल्या बायका, भजनाचा दिवस, ओळखीचा डॉक्टर, उधारीवर भाजी देणारी बाई हे सगळंही जाणार. आणि भाऊ घर विकायचं बोलतोय, हे त्यांच्या कानावर गेलेलं असणारच. मला वाटतं, 'येणार नाही' यातला निम्मा भाग त्या विक्रीच्या भीतीचा आहे. म्हणून आधी त्यांच्यासमोर बसून स्पष्ट सांगा की घर विकायचं नाही, आणि त्यांच्या सहीशिवाय ते विकताही येत नाही. घरात स्वतःचा हिस्सा आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल.

फोटोचं म्हणाल तर तो भिंतीवरून काढू नका. दुसरी प्रत करून ती कोल्हापूरच्या खोलीत लावा. महिन्यातून एकदा तिघं मिळून इचलकरंजीला जा, घर झाडून काढा, दिवा लावा, शेजारणींकडं बसा. वर्षश्राद्ध त्याच घरात करा. दिवाळीआधी ते येईल, आणि त्या दिवशी दाराला दुसऱ्याचं कुलूप असू नये, हे विक्री थांबवायचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण आहे. घराची एक किल्ली आत्तींच्या कमरेला राहू द्या.

आणि त्यांना 'चला, तिथं तुमची काळजी घेईन' असं म्हणू नका. 'तुम्ही नसाल तर मला नोकरी करता येणार नाही' असं म्हणा, कारण तेच खरं आहे. मुलगा शाळेतून येईल तेव्हा घरात माणूस हवं. त्याला गरम भाकरी वाढणारं हवं, उशीर झाला तर दारात उभं राहणारं हवं. खोल्या बघायला त्यांना बरोबर न्या आणि दोन जागांपैकी कुठली घ्यायची ते त्यांना ठरवू द्या. तळमजला बघा, शेजारपाजार बोलका बघा. दुपारी दार उघडलं की समोर माणूस दिसलं पाहिजे, नाहीतर त्या दिवसभर एकट्या पडतील. सुरुवातीला एखाद्या शुक्रवारी केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, अंबाबाईला घेऊन जा. एकदा रस्ता कळला की शेजारणीबरोबर त्या स्वतः जायला लागतील.

तुम्ही दोघी एकाच माणसासाठी रडताय, पण बहुतेक वेगवेगळ्या खोल्यांत. एखाद्या रात्री त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि त्यांच्या मुलाच्या लहानपणचं काहीतरी विचारा. नवऱ्याबद्दल बोलायला तुम्हाला या जगात त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कोण आहे?

मुलाला दहावीत शाळा बदलायला लावण्यापेक्षा नववीत बदललेली बरी, म्हणून ही वेळ योग्य आहे. निकाल लागल्या लागल्या शाळा सोडल्याचा दाखला घ्या. जन्मतारीख, आईचं नाव, जातीची नोंद अक्षर न् अक्षर तपासा. दाखल्यातली चूक नंतर दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात. नव्या शाळेत वर्गशिक्षकांना भेटून वडील गेल्याचं एकदाच सांगून ठेवा, म्हणजे त्याला वर्गात सांगावं लागणार नाही. आणि नातेवाइकांना एक गोष्ट ठामपणे बंद करायला सांगा. 'आता तूच घरातला कर्ता' हे वाक्य त्याच्यासमोर नको. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला ते ओझं झेपत नाही, आणि बोलणं बंद व्हायला एवढं कारण पुरतं.

त्याला बोलतं करायला समोर बसवून 'बोल ना' असं म्हणू नका. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायला न्या. पाटाकडील तालीम असो, दिलबहार, खंडोबा किंवा प्रॅक्टिस क्लब, कुठलाही सामना चालेल. हलग्या, घोषणा, पेठापेठांची ईर्ष्या, हे कोल्हापूर त्याला आवडेल. जिथं जायचं आहे ते गाव त्याच्यासाठी 'बाबा गेल्यावर आई जिथं घेऊन गेली' एवढंच राहू नये. खोली ठरली की जवळ मैदान किंवा तालीम कुठं आहे, ते त्यालाच शोधायला सांगा.

पैशाचं थोडं. मिस्टरांची सगळी पासबुकं काढा आणि मे-जूनच्या नोंदींत 436 रुपये किंवा आधीच्या वर्षांत 330 रुपये वजा झालेत का बघा. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा हप्ता असतो. मृत्यूच्या वेळी विमा चालू असेल तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. कुणी सांगितलं नाही म्हणून तो दावा तसाच राहिलेली घरं खूप आहेत. नोंद दिसली तर आजच बँकेत जा. मुलासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. पालक गमावलेल्या मुलांना त्यात दरमहा 2,250 रुपये मिळतात. पात्रता ते तपासतील, तुम्ही कागद घेऊन जा. तुमचा जिल्हा तोच राहतोय, त्यामुळं पत्ता बदलला तरी अर्ज वाया जाणार नाही. आणि पहिला पगार एप्रिल उजाडल्यावर हातात येईल हे धरून चला, तोवरचा खर्च बाजूला काढून ठेवा.

'मला जमेल का' असं विचारलंय. ताई, सूत किती दिलं, ताण्याचे बीम किती उतरले, कापड किती मीटर आलं, पिकाप्रमाणे, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीनं, मजुरी किती झाली, तूट कुणाच्या नावावर, हा हिशेब तुम्ही इतकी वर्षं सांभाळलात. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कास्टिंग मशिनिंगला बाहेर जातं आणि परत येतं. किती नग गेले, किती आले, किती रिजेक्ट झाले, चलन कुठं आहे, हे बघायचं असतं. जॉब वर्कचा हिशेब तुम्हाला कुणी नव्यानं शिकवायला नको. शिकावं लागेल ते सॉफ्टवेअर आणि जीएसटीच्या तारखा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला नसेल तर फेब्रुवारीतच रोज तास-दोन तास सराव करा. महिन्याच्या 11 आणि 20 तारखांच्या आसपास रिटर्नची गडबड असते, त्या दिवसांत सुट्टी मागायची वेळ येऊ देऊ नका. बरोबरची पोरं तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांना प्रश्न विचारायला संकोच करू नका. पहिल्या महिन्यात विचारलेल्या प्रश्नाला कुणी नावं ठेवत नाही, सहाव्या महिन्यात तोच प्रश्न विचारला तर लोकांच्या भुवया उंचावतात.

नेमणुकीचं पत्र हातात घेतल्याशिवाय कामाला लागू नका. पगार 21 हजारांच्या आत असल्यामुळं तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात बसता. तुमच्याकडून पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे साधारण 128 रुपये जातील, आणि मुलाचाही दवाखाना त्यात येईल. आत्तींचं नाव घालता येतं का, तेही विचारून घ्या. पीएफचा नंबर मिळाला की नॉमिनेशन लगेच भरा. मुलगा अज्ञान आहे म्हणून त्यात पालकाचं नाव लागेल, ते कुणाचं घालायचं याचा विचार करून ठेवा. घरात एवढं दुखणं काढलेल्या बाईला या कागदांचं महत्त्व मी वेगळं सांगत बसत नाही.

आता गळ्याकडं बघून विचारणाऱ्या बायकांना काय सांगायचं. 'मिस्टर गेल्या वर्षी वारले.' एवढंच, आणि लगेच कामाचं बोलणं सुरू करायचं. आजार, डायलिसिस, माग, कर्ज हे कुणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. ज्या बाईला सांगावंसं वाटेल ती तुम्हाला दोन-चार महिन्यांत ओळखू येईल. मंगळसूत्र घालायचं की नाही, टिकली लावायची की नाही, बांगड्या भरायच्या की नाही, हे सगळं तुमच्या मनावर. इचलकरंजीपासून हेरवाड फार लांब नाही. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. हे आपल्याच जिल्ह्यात घडलंय. कारखान्यात हळदीकुंकू झालं आणि कुणी तुम्हाला बोलवायला कचरलं, तर तो त्यांचा मागासलेपणा. तुम्हाला जावंसं वाटलं तर जा.

राहिला कर्जाचा आणि 'पळाली' म्हणण्याचा प्रश्न. न सांगता जाणाऱ्याला लोक पळाला म्हणतात, तेव्हा सांगून जा. ज्या दोघांचे हातउसने आहेत त्यांच्याकडं स्वतः जा, नोकरीचं सांगा, नवा पत्ता कळवीन म्हणा, आणि महिन्याला हजार-दोन हजार जे खरंच जमेल तेवढंच कबूल करा. मोठा आकडा बोलून दुसऱ्याच महिन्यात चुकण्यापेक्षा लहान हप्ता वर्षभर वेळेवर गेलेला बरा. एक वही घाला, दिलेल्या प्रत्येक रकमेखाली त्यांची सही घ्या.

कायद्यानं वारसाची जबाबदारी नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. पण पतसंस्थेच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात, त्यामुळं तिथं तुम्ही स्वतः बांधलेल्या आहात. थकबाकी तशीच राहिली तर संस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला घेऊ शकते आणि त्यात जामीनदारही येतो. नव्या कारखान्यात तुमच्या नावानं पहिलं पत्र वसुलीचं यायला नको. म्हणून 1 मार्चच्या आधी पतसंस्थेत जा. कर्जाचा उतारा मागा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं लिहून घ्या. कर्जाला विमा काढला होता का ते विचारा. हप्ते लहान करून मिळावेत किंवा एकरकमी परतफेडीत व्याजाची सूट मिळावी, असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोरा चेक किंवा कोऱ्या कागदावर सही कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नका.

तिथं एकट्या जाऊ नका, भावाला बरोबर न्या. त्याला तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे, आणि घर विकायचं सोडून दुसरं काय करता येईल ते त्याला सुचत नाहीये. उतारा वाचायला, अर्ज लिहायला, मॅनेजरसमोर तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला तो हवा आहे, असं त्याला सांगा. आणि मेमध्ये टेम्पो ठरवायचं कामही त्याच्याकडंच द्या.